मालधक्का डावीकडे होता

माझी चहाची गाळणी तिसऱ्यांदा नाहीशी झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात शोधाशोध केलीच नाही. तडक मागच्या खोलीत गेले. वन्सं कटिंगच्या जुन्या टेबलावर वाकून माझ्या गाळणीतून विटेचा चुरा चाळत होत्या. रुळांखाली खडी पसरायची होती ना! मोहरीएवढा दाणा आला तरी त्यांच्या हिशेबी तो धोंडा. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, तर मान वर न करता मलाच सांगतात, वहिनी, या गाळणीची जाळी अगदी मापाची आहे हो, नवीन आणाल तेव्हा अशीच आणा. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असतं म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही पदर खोचून तयारीतच होते. मी तोंडाची फटकळ, ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच. पण भांडायला समोरचं माणूस जागेवर तर हवं! वन्संचं चित्त आमच्या घरात कधी नसायचंच. ते स्टेशनात.

आमचं दुकान शिवणकामाचं. वन्सं कटिंग करायच्या, आमचे हे मशीनवर बसायचे आणि काजं-बटणं माझ्याकडे. गणवेशांचं काम आमच्याकडे मोठं, रेल्वेच्या लोकांचे कोट तर वर्षानुवर्षं आम्हीच शिवले. तरुणपणी वन्सं स्वतः गठ्ठा घेऊन स्टेशनावर पोहोचवायला जायच्या, आणि एकदा गेल्या की दुपार उलटली तरी परतायचं नाव नाही. बाकावर बसून मालगाडीचे डबे जोडताना-तोडताना बघत राहायच्या. कुठला डबा कुठल्या रुळावरून कुठे सरकतो, सांधा कुठे बदलतो, सगळं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, हिचं तिथे कुणावर तरी मन बसलंय. बसलं होतंच, पण रुळांवर. पुढे लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

मग ते स्टेशन बंद पडलं. नवी लाईन बाहेरून गेली, जुने रूळ उपटून भंगारात निघाले आणि त्या जागेवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. लोक चार दिवस हळहळले आणि विसरले. वन्सं विसरल्या नाहीत. नजर काळ्या कापडावर ठरेनाशी झाली तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली. आम्हाला वाटलं, आता निवांत बसतील. कसलं काय! त्यांनी मागच्या खोलीतलं कटिंगचं टेबल ताब्यात घेतलं आणि जाहीर केलं की यावर ते जुनं स्टेशन उभं राहणार. स्टेशनासारखं काहीतरी नव्हे, तेच. प्रत्येक रूळ होता तिथे, प्रत्येक सांधा होता तसा, फक्त लहान मापात. हे म्हणाले, ताई, बाजारात तयार गाड्या मिळतात, किल्ली दिली की गोल फिरतात. त्यावर वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी कोटाला पाठीवर खिसा लावून ठेवला होता.

नकाशा कुठेच नव्हता. रेल्वेच्या कचेरीतल्या कारकुनाने बिचाऱ्याने कपाटं उपसली, शिंका येईपर्यंत धूळ खाल्ली, पण त्या यार्डाचा कागद काही हाती लागला नाही. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. वन्संनी गळ्यात टेप अडकवली आणि त्या घरांच्या रांगांमधून हिंडायला लागल्या. रूळ उपटले तरी त्यांच्या खुणा जमीन सोडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच की! कुणाच्या कुंपणाला रुळाचे तुकडे खांब म्हणून पुरलेले. कुणाच्या मागच्या दाराला पायरी आहे ती रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची, खिळ्यांची भोकं अजून शाबूत. एका गल्लीत सगळ्या भिंती सरळ आणि एकच भिंत पोट पुढे काढून उभी. वन्संनी तिच्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, गवंडी काही वेडा नसतो, ही भिंत रूळ असताना बांधली असणार, रुळाच्या वळणाने वळली आहे. मी एकदा हौसेने त्यांच्याबरोबर गेले होते. एका बाईने खिडकीतून विचारलं, काय मोजताय? मी म्हटलं, तुमच्या घराला कोट शिवायचाय, कापड किती लागेल ते बघतोय. ती खिडकी लावून घेतली तिने. वन्संना मात्र हसू आलं नाही, कारण त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं.

अशा हिंडण्यातच त्यांना केबिनबाबा सापडले.

स्टेशनाच्या टोकाला एक उंच केबिन असायची. तिच्यात लोखंडी खटक्यांची रांग. खटका ओढला की खाली सांधा सरकतो आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते. बाबांनी सगळी नोकरी त्या केबिनमध्ये केली. त्यांच्या वेळचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात एकटे राहायचे, आपला चहा आपण करायचे. मुलाचं औषधाचं दुकान जवळच होतं, तो म्हणायचा माझ्याकडे या, पण बाबा कमरेचा घराच्या किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवायचे. दंड अजूनही असे की आमच्या ह्यांचे दोन मिळून होतील.

वन्सं त्यांच्याकडे जाऊन बसायच्या आणि बाबा सांगायचे. सांगायचे म्हणजे नुसत्या तोंडाने नव्हे. उठून उभे राहायचे, हवेतच खटका पकडायचे. हा तिसरा, मेन लाईनचा. हा पाचवा, याला तेल कितीही घाला, कुरकुरणारच. हा सातवा, मालधक्क्याचा, सगळ्यात जड. उजव्या हाताने ओढायचा आणि मान डावीकडे वळवून बघायचं, डबा धक्क्याला नीट लागतोय ना. मालधक्का म्हणजे माल उतरवायचा लांब ओटा आणि त्यावरची छपरी. सातवा खटका सांगताना बाबांची मान आपोआप डावीकडे वळायची. वन्सं घरी येऊन ते सगळं खाकी कागदावर उतरवायच्या, आपण कोटाचा नमुना काढतो ना, अगदी तसं. कागदावर मालधक्का डावीकडे आला.

आणि मग फोटो मिळाला.

वाचनालयात जुन्या काचेच्या निगेटिव्ह पडून होत्या. वाचनालयाच्या बाईंनी त्यातल्या एकीवरून मोठा फोटो छापवून घेतला आणि वन्संना दिला. खाली चिठ्ठी, केबिनच्या खिडकीतून घेतलेलं दृश्य. वन्संच्या आनंदाला पारावार राहिला नाही. सगळं यार्ड त्यात होतं, रूळ, सांधे, पाण्याचा उंच खांब, फलाटाच्या टोकाला उभा स्टेशनमास्तर. बाईंचा त्यात स्वार्थ होता म्हणा, त्यांना ते स्टेशन तयार झाल्यावर वाचनालयाच्या समारंभात मांडायचं होतं. पण त्या फोटोत मालधक्का उजवीकडे होता.

वन्संनी तो दिवसभर भिंगाखाली धरला. मालधक्का उजवीकडे तो उजवीकडेच. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन त्या बाबांकडे गेल्या. मीही होते बरोबर, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगते. बाबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग उठून उभे राहिले. उजवा हात पुढे केला, सातवा खटका धरला, मान डावीकडे वळवली. थांबले. फोटोकडे बघितलं. परत हात पुढे केला आणि या खेपेला मान जबरदस्तीने उजवीकडे वळवली. ती वळेना. वळली, पण दुसऱ्याच्या मानेसारखी.

"फोटो खोटं बोलत नाही, बाबा," वन्सं हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

बाबा खाली बसले. "माझंच चुकत असेल मग," एवढंच म्हणाले.

घरी येऊन वन्संनी खाकी कागद पालथा घातला. डावं होतं ते उजवं झालं. कटिंग करणाऱ्याला हे सोपं, एका बाहीचा नमुना पालथा घातला की दुसरी बाही मिळते. सगळं जुळलं, फक्त ती पोट काढलेली भिंत जुळेना. नव्या नमुन्यात रूळ एका बाजूला वळायचा आणि भिंत दुसऱ्या बाजूला. वन्संनी ठरवलं, गवंड्याला काही कळत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं! पण तेव्हा हे म्हणायला आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

मग सुरू झालं काम. काय सांगू तुम्हाला त्या कामाचं! दुकानातल्या मोडक्या फुटपट्ट्या तासून त्यांनी स्लीपर केले, एकेक वेगळा, कारण खऱ्या स्टेशनात दोन स्लीपर सारखे नसतात म्हणे. रुळाच्या बारीक पट्ट्या आणून, वाकवून, एकेक सांधा हाताने घडवला. सांध्याचं एक असतं, तो बाहीसारखा असतो, डावा असेल तर डावाच, उजव्याच्या जागी लावता येत नाही. एक सांधा मनासारखा व्हायला दिवसच्या दिवस जायचे. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणायच्या, आणि ते "आले" ताटावर झाकण ठेवायला सांगण्यासाठी असायचं हे मी शिकले. मी चिडायचे, आदळआपट करायचे. पण खरं सांगू? काम बघायला मीच दाराशी जाऊन उभी राहायचे. ज्या बाईला सुईत दोरा ओवता येईना झाला होता, तिने भिंगाखाली इतकं बारीक काम करावं! मला आयुष्यात एखादी गोष्ट तेवढी आवडलेली नाही, आणि मी ते मनातल्या मनात कितीदा तरी कबूल केलं.

शेवटी राहिली माणसं. यार्ड करणारे लोक माणसं नेहमी शेवटी करतात, असं वन्सं सांगायच्या. रूळ आधी, मग इमारती, आणि सगळं जागच्या जागी बसलं की मग माणसं. स्टेशनमास्तरचा बोटाच्या पेराएवढा लाकडी पुतळा त्यांनी कोरला आणि कोट रंगवायला घेतला. बटणं तेवढी तुम्ही बघून सांगा, काजं-बटणं तुमचं खातं, असं म्हणत त्यांनी मला भिंगाशी बसवलं. इतके दिवस तो फोटो आमच्या घरात होता, पण त्या माणसाकडे कुणी धड बघितलंच नव्हतं. वन्संना फोटोत फक्त रूळ दिसायचे.

मी बघितलं आणि मला हसू फुटलं. मी म्हटलं, "वन्सं, ह्या मास्तरांनी घाईत बायकोचा कोट घातलाय हो!"

पुरुषाच्या कोटाची बटणं उजव्या अंगाला आणि काजं डाव्या अंगाला. बायकांचं उलट. हे आमच्या धंद्यातलं अक्षरओळखीसारखं आहे. आणि छातीवरचा खिसा पुरुषाच्या कोटाला डावीकडे. या मास्तरांची बटणं डावीकडे आणि खिसा उजवीकडे. असा कोट रेल्वेने कधी घातला नाही आणि आम्ही कधी शिवला नाही. मी हसतेय, हसतेय, आणि बघते तर वन्संच्या हातातला कुंचला तसाच. त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः भिंगाला डोळा लावला.

"काच पालथी ठेवून छापलाय," त्या म्हणाल्या. "कापडाची सुलट आणि उलट बाजू आयुष्यभर बघितली, वहिनी. आणि मी एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या."

वाचनालयातून ती काच मागवून घेतली. फोटोवाल्याने ती उजेडात धरली, पालटून धरली, आणि मास्तरांचा खिसा डावीकडे गेला. बटणं उजवीकडे आली. मालधक्का डावीकडे. ती पोटाळू भिंत आठवून वन्संनी कपाळाला हात लावला, कारण ती बिचारी पहिल्यापासून खरं सांगत होती.

मला वाटलं, आता त्या घरी येऊन टेबलासमोर बसतील आणि रडतील. मी तरी रडले असते. त्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. चपला पायातच होत्या, तशाच केबिनबाबांकडे निघाल्या. बाबांच्या घराला कुलूप होतं. मग आम्ही मुलाच्या औषधाच्या दुकानात गेलो.

मुलगा भला माणूस. थकलेला दिसत होता. त्याने गिऱ्हाईक असतानाच आम्हाला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. फोटो बघितला त्या दिवसापासून बाबांचं सगळं बिनसलं होतं. ज्या जागी आपण उभं आयुष्य उभे राहिलो तिथलं डावं-उजवं आपल्याला आठवत नाही, मग आणखी काय काय खोटं आठवत असेल, हे त्यांच्या डोक्यात बसलं. गॅस बंद केला की नाही, हे पुन्हा पुन्हा उठून बघायचे. मग गॅसला हात लावायचेच बंद झाले. एक दिवस दुकानात आले आणि किल्ल्यांचा जुडगा काढून मुलाच्या हातात दिला. म्हणाले, तूच ठेव, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. मुलगा तो जुडगा आपल्या खिशात घेऊन हिंडत होता. बाबांना त्याने दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात अशा एका संस्थेत बोलणी चालली होती. महिनाअखेर तिथली जागा मोकळी होणार होती.

वन्संनी सगळं सरळ सांगून टाकलं. फोटो पालथा होता, बाबा बरोबर होते, चूक माझी. मुलाने ऐकून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की या बाईंनी आधी एक सांगून घोळ घातला, आता दुसरं सांगतायत. त्याला तरी नावं कशी ठेवावी?

बाबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. औषधाच्या खोक्यांच्या मधोमध. कमरेला काही नव्हतं, त्यामुळे उठून बसले तरी आवाज झाला नाही. वन्संनी त्यांना नवा फोटो दाखवला, बटणं दाखवली, काच कशी पालथी पडते ते समजावलं. बाबा मान हलवत राहिले.

"बाई, तुम्ही मनाने चांगल्या आहात," ते म्हणाले. "पण माझी समजूत काढू नका. तुम्ही म्हणाल तसं असेल."

तुम्ही म्हणाल तसं असेल! डावं म्हटलं तरी मान्य, उजवं म्हटलं तरी मान्य. यापेक्षा त्यांनी आमच्या अंगावर धावून जाऊन चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वाटेत मी बडबडत होते, त्या छापणाऱ्याला, त्या वाचनालयाला, सगळ्यांना लाखोली वाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी पक्कड घेतली आणि टेबलावरचा पहिला सांधा उपटला.

आमचे हे धावत आले. त्यांनी हात धरला. म्हणाले, ताई, समारंभ तोंडावर आलाय, लोकांना काय कळणार आहे? आणि फारच वाटत असेल तर समोर आरसा लावू, म्हणावं आरशात बघा. एरवी मी हसले असते. वन्संनी हात सोडवून घेतला.

"लोकांना कळणार नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्यामुळे एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास गेलाय. तो सांगून परत येत नाही, आत्ताच बघून आले. त्यांच्या हाताला कळलं पाहिजे."

ह्यांनी दुसरी पक्कड आणली आणि दोघं भावंडं मिळून रूळ उपटायला लागली. वाचनालयाच्या बाईंना वन्संनी निरोप पाठवला की समारंभाला यार्ड होणार नाही. बाई तणतणत आल्या, टेबलाची दशा बघितली, आणि सगळं ऐकल्यावर आल्या पावली परत गेल्या.

खाकी कागद पुन्हा सुलट झाला. ते एक सोपं होतं. पण सांधे सगळे नव्याने घडवायचे, कारण उजव्याचा डावा होत नाही. आधी आयुष्य मोकळं पडलं होतं, आता महिनाअखेर समोर उभी. दुकान दिवसदिवस अर्ध्या दाराने चाललं. ह्यांनी स्लीपर तासले. खडी मी चाळली, माझ्याच गाळणीने, आणि खबरदार कुणी त्याबद्दल काही म्हणाल तर. वन्संनी एक नवीनच गोष्ट केली, जी पहिल्या यार्डात नव्हती. टेबलाच्या ज्या कडेला केबिन येत होती, तिथे त्यांनी जुन्या मशिनींच्या लोखंडी दांड्या ओळीने बसवल्या, अगदी उभ्या माणसाच्या हाताशी येतील अशा. टेबलाखालून तारा नेल्या. दांडी ओढली की यार्डातला तो तो सांधा सरकायचा. पाचव्या दांडीला त्यांनी मुद्दाम तेल घातलं नाही. सातवीला खालून इस्त्रीचा लोखंडी ठोकळा बांधला, म्हणजे ती जड जाईल. हे सगळं त्यांना बाबांनीच सांगितलेलं होतं, एकही गोष्ट त्यांनी टाकून दिली नव्हती, फक्त डावं-उजवं सोडून.

महिना संपत आला तेव्हा मीच औषधाच्या दुकानात गेले. मुलगा म्हणाला, बाबांना आता नका ओढू, उद्या-परवा त्यांना न्यायचंय. मी म्हटलं, न्या, आम्ही कोण अडवणारे, पण जाता जाता एक चहा आमच्याकडे. माझ्या तोंडाला तो बहुधा घाबरला असेल, कारण तो दुपारी बाबांना घेऊन आला. कोपराला धरून. बाबा दाराशी उभे राहिले, टेबलाकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. मी तोंड उघडलं, तर वन्संनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. त्यांनी बाबांना टेबलाच्या त्या कडेला आणून उभं केलं, त्यांचा उजवा हात उचलून सातव्या दांडीवर ठेवला आणि बाजूला झाल्या.

बाबांची बोटं दांडीभोवती मिटली. काही काळ तशीच राहिली. मग त्यांनी दांडी ओढून बघितली. ती जड होती. त्यांनी पाय फाकवून पवित्रा घेतला, दंडाला जोर दिला, ओढली, आणि मान वळली.

डावीकडे वळली. कुणी वळवली नाही. आणि डावीकडे मालधक्का होता, छपरीसकट, आणि त्याच्याकडे जाणारा सांधा त्यांच्या डोळ्यांसमोर सरकून बसला.

बाबांनी दांडी सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा बघितलं. मग तिसरी. मग पाचवी, आणि ती कुरकुरली तेव्हा त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा कोण जाणे. त्यानंतर ते कुणासाठी थांबलेच नाहीत. मालगाडी आली, इंजिन सुटलं, डबा मागे घेतला, धक्क्याला लावला, मेन लाईन मोकळी केली. गाडी टेबलावर नव्हतीच, पण त्यांना ती दिसत होती, आणि त्यांच्या मानेवरून आम्हालाही ती कुठे आहे ते कळत होतं. मी पदराने डोळे पुसले, आणि पुसले तर पुसले, लाज कसली त्यात.

"डावीकडेच होता," बाबा म्हणाले. आम्हाला नव्हे, मुलाला.

मग ते वाकले. टेबलावर बोट ठेवलं. पाण्याचा खांब इथे नव्हता म्हणाले, थोडा इकडे, मालधक्क्याच्या अंगाला, नाहीतर इंजिनाला दोनदा मागेपुढे करावं लागलं असतं. भिंतीवर तो नवा, सुलट छापलेला फोटो टांगला होता. मुलगा काळजीने त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, बाबा, फोटोत तर खांब इथेच दिसतोय.

वन्संनी फोटोकडे मान वळवलीच नाही. पक्कड घेतली, खांब मुळातून उपटला आणि बाबांच्या बोटाशी नेऊन विचारलं, इथे? बाबा म्हणाले, अजून जरासा. तिथे त्यांनी तो रोवला.

बाबा सरळ उभे राहिले. मुलाकडे वळून त्यांनी हात पुढे केला, तळवा उघडा.

"माझ्या किल्ल्या दे."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि बाबांनी तो न बघता कमरेला अडकवला.